आबांची अमेरिकन दुनळी

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, सुरतेत हिऱ्यांच्या एका सेफ व्हॉल्टच्या दारात बंदूक घेऊन बसायचे. सकाळी व्हॉल्ट उघडायच्या आधी ते खुर्चीवर बसत आणि संध्याकाळी तो बंद झाल्यावर उठत. मधल्या वेळात व्यापारी आपापल्या पुड्या खिशात घालून जिना उतरत, पुन्हा चढून वर येत. आबांशी कुणी बोलत नसे. बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसलेल्या माणसाला काय विचारायचं, हे बहुतेकांना सुचत नाही. समोरचा चहावालासुद्धा कप ठेवून निघून जायचा.

आम्ही मूळचे खानदेशातले. घरी अजून अहिराणीच चालते. आबा तरुणपणी सुरतेला आले ते लूमवर काम करायला. पुढे त्यांचं खातं, म्हणजे तो लूमचा कारखाना, बंद पडलं. त्याच सुमारास गावाकडे आजोबा वारले आणि त्यांची बंदूक परवान्यासकट आबांच्या नावावर झाली. आजोबा एका बागायतदाराच्या केळीच्या बागेचे रखवालदार होते. बागायतदार शिकारीचा शौकीन होता, पण शिकारीवर बंदी आली आणि त्याचे गुडघेही गेले, तेव्हा त्याने रीतसर कागद करून ती दुनळी आजोबांना देऊन टाकली. त्याच्याकडे ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. नळीवर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती आणि त्यातली बरीचशी झिजली होती. गावात तिला ‘अमेरिकन’ म्हणत, एवढाच तिचा इतिहास आम्हाला माहीत होता.

सुरतेत लाठी घेऊन उभा राहतो तो वॉचमन आणि बंदूक घेऊन बसतो तो गनमॅन. लूम सुटलेल्या माणसाकडे स्वतःची परवान्याची बंदूक आहे म्हटल्यावर सिक्युरिटी एजन्सीने आबांना लगेच ठेवून घेतलं. आमचं गोडादरा भागातलं घर, माझं शिक्षण, सगळं त्या बंदुकीवर झालं, आणि तरी आबांनी ती कधी उडवली नाही. उडवायची वेळच आली नाही. काडतुसं मात्र रोज घालायची आणि रोज काढायची.

घरी ती लोखंडी कपाटात असे. वरच्या खणात मायच्या साड्या, खाली उभी बंदूक. रविवारी आबा ती बाहेर काढून पुसत. आमच्या गल्लीत दारोदार साड्यांना लेस लावायचं काम चाले, चिंध्यांचे ढीग पडलेले असत, पण सगळं पॉलिस्टर. त्याने तेल टिपलं जात नाही. म्हणून आबा गावाकडून कुणी आलं की जुनं धोतर मागवून घेत. एवढ्या कापडाच्या शहरात राहून फडक्यासाठी गावावर अवलंबून राहावं लागतं, याचं त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

पुसल्यावर नळ्यांवर बारीक लाटा उठून दिसत. तळ्याच्या पाण्यावर वारा फिरावा तशा. त्या वरून कोरलेल्या नव्हत्या, लोखंडाच्या अंगातच होत्या. आणि नळ्या जिथे लाकडाला मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी पोलादी पत्र्यावर नक्षी होती: वळत गेलेली पानं, गवतात एक पाय उचलून थबकलेला कुत्रा, आणि त्याच्यापुढे उडू पाहणारा एक गुबगुबीत पक्षी. लहानपणी माझ्याकडे चित्रांची पुस्तकं नव्हती. तो कुत्रा मी पुष्कळ पाहिला.

मी पुढे साड्यांची डिझाइनर झाले. रिंग रोडजवळ एका शेठच्या ऑफिसात आम्ही काही मुली कॉम्प्युटरवर बॉर्डर आणि पदर काढतो. एकदा शेठने सांगितलं की यंदा कोयरी नको, मोर नको, बाजारात नसेल असं काहीतरी दे. मी पुष्कळ काही काढलं, सगळ्यात कुठून तरी मोर निघायचा. शेवटी रविवारी आबांना म्हटलं, “आबा, बंदुकीचा फोटो काढू का?”

“परवान्यात फोटोचं काही लिहेल नही,” आबा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “काढ. पन फक्त कुत्र्याचा.”

मी पानांची आणि कुत्र्या-पक्ष्याची बॉर्डर केली, आणि नळ्यांच्या लाटा पदरावर घेतल्या. शेठने स्क्रीनवर बराच वेळ पाहिलं.

“आ कूतरो अहीं शुं करे छे?”

“शिकारी कुत्रा आहे, शेठ.”

“साडीमां शिकार?” शेठ म्हणाले. “कूतरो काढी नाख. हरण मूक.”

कुत्र्याच्या जागी हरिण आलं. ते एक पाय उचलून पक्ष्याकडे टक लावून उभं होतं. असं हरिण कुठे असेलसं वाटत नाही, पण साडी चालली. खूप चालली. पांडेसऱ्याच्या मिलमधून ती निघाली, मग दुसऱ्यांनी तिची नक्कल केली, मग नकलेची नक्कल झाली. लिंबायतच्या बाजारात मायने स्वतः एक घेतली, भाव करून. घरी आणल्यावर आबांनी बॉर्डर हातात धरून पाहिली.

“कुत्रा कोठे गया?”

“शेठला नको होता.”

आबांनी साडी परत दिली. पुढे ते मला एकदा म्हणाले की व्हॉल्टसमोरून हल्ली तसल्या साडीतल्या बायका जातात आणि प्रत्येक वेळी त्यांना ते हरिण खटकतं.

शेठला आता त्याच वळणाचं आणखी हवं होतं. म्हणून मी बंदुकीवरची पुसट अक्षरं फोटोत मोठी करून जुळवली आणि इंटरनेटवर शोधलं. नाव सापडलं. तो कारखाना फार पूर्वीच बंद झाला होता, पण त्याच्या बंदुका जमवणाऱ्यांचा एक गट होता. मी त्यांना कुत्र्याचा फोटो पाठवला आणि हे कुणी कोरलं असेल, असं विचारलं. उत्तर आलं ते अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याचं. त्याचे आजोबा त्या कारखान्यात कामाला होते, आणि तो स्वतः निवृत्त झाल्यापासून त्याचाच इतिहास गोळा करत होता. भारतातून त्याला पहिल्यांदाच कुणी लिहिलं होतं. बंदूक बघायची आणि तिच्या मालकाशी बोलायचं, असं त्याने कळवलं.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला, तेव्हा त्याच्याकडे सकाळ असते. आबांनी युनिफॉर्म घातला, बिल्ला लावला आणि पलंगावर ताठ बसले. पण बंदूक घरात नव्हती. निवडणूक लागली होती, आणि निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. काहींना सूट मिळते, आमच्या व्हॉल्टला ती मिळाली नव्हती. तेवढे दिवस आबा त्याच खुर्चीवर लाठी मांडीवर घेऊन बसत होते. बंदुकीच्या जागी त्यांनी म्हाताऱ्याला जमा केल्याची पावती दाखवली.

“बंदूक पोलिसांकडे आहे?” म्हाताऱ्याने विचारलं. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. “त्यांनी काही गुन्हा केला का?”

“नाही. निवडणूक आहे.”

“मग बंदूक का नेली?”

“निवडणूक आहे म्हणून.”

म्हाताऱ्याने विचारलं, “निवडणुकीला ते उभे आहेत का?”

मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, “त्याले सांग, बंदूक आराम करी राहिनी.”

म्हाताऱ्याच्या मागे भिंतीवर एकाखाली एक दुनळ्या टांगलेल्या होत्या. आबा त्यांच्याकडेच बघत होते. “याच्याकडे निवडणूक होत नाही का?” त्यांनी मला हळूच विचारलं. हे मी पलीकडे सांगितलं नाही.

मग म्हाताऱ्याने इतिहास सांगितला. तळ्याकाठचं एक गाव, हिवाळ्यात बर्फाखाली जाणारं. तिथे दोन भाऊ होते. एकाला लोखंड कळायचं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक. त्यांनी आधी शेतीची अवजारं केली, मग दुनळी बंदुका. श्रीमंतांसाठी नव्हे, शेतकऱ्याने पीक विकून एक घ्यावी अशा. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर तिथे कामाला होतं. म्हाताऱ्याचे आजोबा नळ्या घासायचे, त्यांचे भाऊ अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते करायचे. साध्या बंदुकांवरची नक्षी गावातल्या मुली नगामागे मजुरी घेऊन कोरायच्या. त्याने एक फोटो दाखवला. उंच खिडक्यांची लांबलचक खोली, खिडक्यांना लागून टेबलं, आणि टेबलांवर वाकलेल्या, लांब एप्रन घातलेल्या मुली. एकीनेच मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं, बहुधा त्याबद्दल तिला बोलणी बसली असावीत.

“माझा कुत्रा यांच्यापैकी कुणी कोरला?” मी विचारलं.

“ते कळणार नाही,” म्हातारा म्हणाला. “महागड्या बंदुकांवर कारागीर सही करायचे. या मुलींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.”

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “साडीवर तरी तुन्हं नाव कोठे शे?” ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. नाही म्हणून सांगितलं.

म्हातारा पुढे सांगत गेला. नंतर लोकांना एका नळीतून भराभर गोळ्या उडवणाऱ्या बंदुका आवडायला लागल्या, आणि त्या स्वस्तही होत्या. भाऊ गेले, मुलांनी कारखाना विकला. घेणाऱ्याने काही वर्षं दुसरीकडे बनलेल्या बंदुकांवर हेच नाव ठोकलं. नंतर तेही बंद झालं.

लूम बंद पडलेल्या माणसाला यातलं जे विचारावंसं वाटेल ते आबांनी विचारलं. “मग मानसं कोठे गयात?”

म्हाताऱ्याला हा प्रश्न आवडला असावा. तो खुर्ची पुढे ओढून सांगायला लागला. आजोबा दुधाच्या कॅन बनवणाऱ्या कारखान्यात गेले. त्यांचे भाऊ शहरात गेले आणि परत आलेच नाहीत. मुलींपैकी बऱ्याचजणी शिवणकामाला लागल्या.

“आणि कारखान्याची जागा?”

“पाडला. आता तिथे सुपरमार्केटच्या गाड्या लावतात.”

“तठे गार्ड शे का?”

म्हाताऱ्याने आठवून सांगितलं की हो, असतो एक.

“त्याना जोडे बंदूक शे का?”

“नाही. टॉर्च असते.”

आबांनी मान हलवली. जिथे बंदुका बनायच्या त्या जागेची राखण टॉर्चवर होते, हे त्यांनी पुढे मायला दोन-तीनदा सांगितलं.

निकाल लागले आणि बंदूक घरी आली. पुढच्याच रविवारी आम्ही पुन्हा कॉल लावला. आबांनी ती रिकामी असल्याचं उघडून दाखवलं आणि मग दोन्ही हातांवर आडवी धरली, नवजात बाळ दाखवतात तशी. म्हातारा आधी कुत्र्याबद्दल बोलला, पानांबद्दल बोलला. मग मी कॅमेरा नळ्यांवर नेला. लाटा चमकत होत्या. म्हातारा स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

“हिच्यात ते कोणती काडतुसं घालतात?” त्याने विचारलं.

“दुकानात मिळतात ती.”

“आताची?”

“हो.”

त्याने चष्मा काढला. मग तो सावकाश, मला प्रत्येक शब्द नीट कळेल असा बोलला. त्या लाटा म्हणजे शोभा नव्हती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून त्या नळ्या केलेल्या होत्या. जुन्या काळ्या दारूसाठी त्या ठीक होत्या. आताच्या काडतुसांचा जोर वेगळा. त्यात इतक्या वर्षांत सांधे आतून गंजलेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. अशी नळी फुटते, आणि ती फुटते तिथे उडवणाऱ्याचा डावा हात असतो.

मी हे आबांना सांगितलं. सूत पिळणं त्यांना माहीत होतं, त्यामुळे नळीचं त्यांना लगेच कळलं. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

“त्याले सांग, उडाईच नही कधी.”

“एकदाही नाही?” म्हातारा म्हणाला. “मग इतकी वर्षं ते काय करत होते?”

“बसत होते,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबा रजा घेऊन, पण युनिफॉर्म घालूनच, शहरातल्या एका जुन्या, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेले. मीही बरोबर होते. त्याने नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या, बोटाने एक जागा चाचपली आणि बंदूक परत दिली. “चाचा, यह दीवार पर टांगने की चीज़ है,” तो म्हणाला. मग आबांचा युनिफॉर्म पाहून विचारलं, “इसी को लेकर बैठते हो?”

आम्ही घरी आलो. मायला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी कपाटाकडे बघत राहिली. “म्हणजे मी एवढी वर्षं हिच्याशेजारी झोपले,” ती म्हणाली, “आणि घाबरले चोराला.” मग स्वयंपाकाला लागली. पोळ्या जरा जोरात लाटल्या जात होत्या.

आबांनी ठरवलं की व्हॉल्टच्या मॅनेजरला सांगायचं. मी म्हटलं, थोडं थांबा. ते थांबले नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी आम्हाला काय झालं ते सांगितलं. मॅनेजर शांतपणे ऐकून घेत होता.

“आ बंदूक चलावाय नहीं?” त्याने विचारलं.

“नाही साहेब. चालवली तर मलाच लागेल.”

“चोरने खबर छे?”

“नाही.”

“तो बेसो,” मॅनेजर म्हणाला आणि फोन उचलला.

आबा बसले. काही आठवडे बसले. आता ते काडतुसं भरत नव्हते. बाहेरून काहीच बदललं नव्हतं: तीच खुर्ची, तीच बंदूक, तेच व्यापारी. पण त्यांची झोप गेली, जेवण कमी झालं. डॉक्टरने साखर तपासली, ती ठीक निघाली. एका रविवारी ते कपाट न उघडता नुसते पलंगावर बसून होते. मी कारण विचारलं.

“आधी राखण होती,” ते म्हणाले. “आते निस्तं बसनं शे.”

मला वाटायचं की आबांचं काम म्हणजे बसणंच आहे. मी शाळेत असताना मैत्रिणींनी विचारलं की तुझे वडील काय करतात, तर मी तसंच सांगत असे आणि त्या हसत. आबा इतकी वर्षं त्या खुर्चीवर मनातून उभे होते, हे मला त्या दिवशी समजलं. कुणी आलंच तर काय करायचं, आधी कुठे बघायचं, व्यापाऱ्यांना कुठल्या बाजूला ढकलायचं, हे त्यांनी रोज ठरवलेलं असे. ते सगळं त्यांनी मला तेव्हा सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. ऐकायला मायही येऊन बसली.

महिना भरल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि परवाना परत करायला निघाले. कचेरीतल्या अधिकाऱ्याला हे विचित्र वाटलं. परवाना मिळावा म्हणून लोक त्याच्या मागे लागतात, परत करायला कुणी येत नाही.

“कारण?” त्याने विचारलं.

“ती फुटेल,” आबा म्हणाले.

“तसं लिहू नका. वय झालं असं लिहा.”

“वय बंदुकीचं झालंय.”

“कुणाचं ते लिहायची गरज नाही,” अधिकारी म्हणाला, आणि तसंच लिहिलं गेलं.

बंदूक सरकारजमा झाली. ती देताना आबांनी दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि शिपायाला सांगितलं की उभी ठेव, आडवी टाकू नको. मी म्हाताऱ्याला कळवलं. त्याने विचारलं की तिचं आता काय होणार. मी सांगितलं, बहुतेक कधीतरी वितळवतील. बऱ्याच दिवसांनी त्याचं उत्तर आलं. आपण ते बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याने लिहिलं होतं. आबांनी मला ताबडतोब उत्तर द्यायला लावलं: तुम्ही बोललात ते फार चांगलं केलंत, आमच्याकडे हात सगळे जागेवर आहेत, तुमच्या आजोबांना नमस्कार. आजोबा कधीच गेले आहेत, असं मी म्हटलं. “तरी लिह्य,” आबा म्हणाले.

नंतर ते घरी होते. घरी त्यांना करमेना. मायच्या कामात ते लक्ष घालायला लागले तेव्हा तिनेच शेजाऱ्यांना त्यांच्यासाठी काम बघायला सांगून ठेवलं. पलसाण्याला हायवेलगत कापड रंगवायची एक मिल आहे, तिच्या गेटवर त्यांना काम मिळालं. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या, नंबर टिपायचा. हत्यार म्हणून एक शिट्टी. मला वाटलं, त्यांना हे कमीपणाचं वाटेल. पहिल्या दिवशी ते परतले तेव्हा मी मुद्दाम लवकर घरी येऊन थांबले होते.

आबांचा घसा पार बसला होता.

“ओरडायला लागतं का?” मी विचारलं.

“ओरडायचं नाही,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “बोलनं पडस.”

ट्रकवाले बोलत होते. ओडिशाकडचा एक ड्रायव्हर त्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगून गेला होता. विदर्भातली एक बाई गेटबाहेर चहाची टपरी चालवते, ती तिच्या जावयाबद्दल सांगत होती आणि उरलेलं उद्या सांगणार होती. रंगखात्यातला एकजण हात निळे घेऊन आला आणि नुसताच उभा राहून गप्पा मारून गेला. आबा हे सगळं एका दमात सांगत होते आणि मध्येच खोकत होते. मायने हळद घातलेलं दूध आणून समोर ठेवलं.

“उद्या जरा कमी बोला,” ती म्हणाली.

आबांनी दुधाचा घोट घेतला आणि त्या जावयाचं नेमकं काय झालं असावं, ते आम्हाला सांगायला लागले.